आडनावाला मॅचिंग

"नाव असं सांगा दामिनीताई, का आडनावाकडं कोनाचं ध्यानच नाही गेलं पायजे," बाळाला थोपटत तृप्तीवहिनीनं बजावलं.

तिची काळजी रास्त होती. सावरगावच्या माहेरी ती राऊत होती. लग्न होऊन सौंसरच्या घुबड्यांकडे आली आणि बोरगावच्या शाळेत 'घुबडे मॅडम' झाली. ती फळ्याकडे वळली की मागच्या बाकावरून हळूच 'घूऽघू' ऐकू येई. लेकीच्या वाट्याला हे येऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं.

नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या प्राणिशास्त्रात एम.एस्सी. शिकारी पक्ष्यांची शास्त्रीय नावं कुठून आली, या शोधात दामिनी सध्या आकंठ बुडालेली होती. तरी तिनं मन लावून विचार केला.

"अथेना. ग्रीक लोकांची ज्ञानाची देवी."

वहिनी खूश झाली. "मंग पाठवा नितीनभाऊले. बॅनर उद्याच पायजे."

दामिनीनं फ्लेक्सवाल्या नितीनला नाव इंग्रजीत पाठवलं. बोटाला सवय असते. शेवटी 'ए'च्या जागी 'ई' पडला. अथेना ही देवी. अथेने हे त्याच देवीवरून पडलेलं पिंगळ्याचं शास्त्रीय नाव. आणि पिंगळा म्हणजे संत्र्याच्या बागेत बसणारं वीतभर घुबड.

नितीन फोटोशिवाय बॅनर छापत नसे. त्यानं ते नाव मोबाइलवर शोधलं.

बारशाच्या सकाळी मंडपाच्या तोंडाशी बॅनर लागला. 'कु. अथेने घुबडे', आणि शेजारी परातीएवढ्या डोळ्यांचे दोन पिंगळे. एकाच्या डोक्याला नितीननं हौसेनं गुलाबी रिबीन बांधली होती.

"नितीनभाऊ, हे काय करून ठेवलं?" दामिनीनं विचारलं.

"काऊन? नाव टाकलं तं हेच आलं. म्या म्हटलं, वा, घुबड्याइनं आडनावाले मॅचिंग नाव काढलं."

"उतरवा आधी."

"शिडी मंडपवाला घेऊन गेला, ताई. संध्याकाळी आनते."

दामिनीची आई शकुंतलाबाई खुर्चीवर चढल्या आणि त्यांनी बॅनरवर एक भारी साडी टाकली. तेवढ्यात सावरगावची मंडळी जीपमधून उतरली.

"साडी काऊन वाळू घातली, विहीनबाई?" तृप्तीच्या आईनं विचारलं.

वारा आला. साडी उचलली गेली आणि खालून चार डोळे तृप्तीच्या आईकडे बघू लागले.

बाळाला घेऊन वहिनी बाहेर आली. तिनं वर पाहिलं, शांतपणे वाचलं.

"दामिनीताई, अथेने म्हंजे घुबडच ना?"

दामिनीला चुकीची माहिती देता येत नसे. "उगम देवीचाच आहे वहिनी, पण..."

"म्हंजे माही पोरगी घुबड घुबडे."

"शास्त्रात चालतं तसं. एका मोठ्या घुबडाचं नाव बुबो बुबो आहे."

या माहितीनं वहिनीचं सांत्वन झालं नाही. "दुसरं नाव सांगा. आत्ताच. घुबडाचं नको."

पाळण्याभोवती बाया जमल्या. आत्याच्या पाठीवर बुक्के घालायला हात सरसावले. दामिनी बाळाच्या कानाशी वाकली. डोक्यात येणाऱ्या प्रत्येक नावाला पंख होते. त्यातलं घुबडाचं नसलेलं एक तिनं घाईनं निवडलं.

"कुर्रर्र... टीसा."

पाठीवर धपाधप बुक्के पडले.

"टीसा," वहिनीनं नाव जिभेवर घोळवलं. "गोड हाय. अर्थ काय जी?"

दामिनीनं पाळण्याची दोरी हातात घेतली. "आपल्याच देशातला जुना शब्द आहे. शास्त्रज्ञांनी जसाच्या तसा उचलला."

यातलं अक्षरही खोटं नव्हतं. एखादा अर्थ अर्ध्यावर सोडण्याची मात्र तिची ही पहिलीच वेळ होती.

वहिनीचा चेहरा उजळला. तिनं तिथूनच नितीनला फोन लावला. "नितीनभाऊ, दुसरा बॅनर करा लवकर. स्पेलिंग सांगा न ताई."

"टी, डबल ई, एस, ए," दामिनीच्या तोंडून अचूक निघून गेलं.

जेवणाची पंगत बसली. वहिनी प्रत्येक पाहुण्याला जवळ जाऊन नवं नाव सांगत होती, तेवढ्यात फोन वाजला. हात वरणाचे होते म्हणून तिनं स्पीकर लावला.

"वहिनी, फोटो भेटला," नितीनचा आवाज पंगतभर घुमला. "या बारीनं घुबड नाही, दुसरं शिकारी पाखरू हाय, म्या नीट पाह्यलं. पन याचे डोळे पांढरे हायेत. चालते का?"