अप्पांच्या पाइपाला नवी दांडी

माझे सासरे वारल्यापासून रोज दिवेलागणीला आपल्या पाइपातून बोलतात. यात नवल करण्यासारखं काही नाही. हाताने घडवलेले डॅनिश पाइप मालक गेल्यावर बोलतातच. यंत्रावर केलेले बोलत नाहीत, म्हणून तर ते स्वस्त असतात.

सासरे म्हणजे अप्पा गजेंद्रगडकर. मिरजेला सरकारी दूध योजनेत होते. लग्नाआधी योजनेनं त्यांना डेन्मार्कला दुग्धशास्त्र शिकायला पाठवलं. गरम कोटासाठी मिळालेले पैसे या गृहस्थांनी एका पाइपावर उडवले आणि कुडकुडत शिकून परत आले. पुढे जन्मभर डॅनिश पाइपच गोळा केले. ओढला मात्र तो पहिलाच. बाकीचे परदेशी शौकिनांकडून घेतलेले, त्यामुळे ते आपापल्या जुन्या मालकांच्या आवाजात डॅनिश बोलतात. संध्याकाळी सगळे एकदम सुरू झाले की सासूबाई कपाटावर चापट मारतात, "एकेकानं बोला रे!" मग गप्प बसतात बिचारे. वळण चांगलं आहे.

अप्पांचा पाइप कपाटात नसतो. तो बैठकीच्या खोलीत बशीवर असतो आणि समोरच्या खुर्चीत सासूबाई.

"दूध तापवलंस?" पाइप विचारतो.

"तापवलं."

"सायीला कुणी हात लावला?"

"तुमच्या सुनेनं."

मी लावलेला नसतो, पण असो. तिथून जे भांडण लागतं ते जेवणाची पानं घेईपर्यंत चालतं. अप्पा हयात असताना पाइप दातांत धरूनच बोलायचे, निम्मे शब्द धुरात जायचे. मेल्यावरही तीच सवय. पण सासूबाईंना ते निम्मे शब्द पुरतात. उरलेले त्या स्वतःच घालतात आणि त्यावरून पुन्हा भांडतात.

संक्रांतीच्या सुमारास पाइपाची दांडी चिरली. पाइपाचे दोन भाग असतात. तंबाखू भरायची ती लाकडाची वाटी आणि तोंडात धरायची ती काळी दांडी. वाटी ठणठणीत होती. दांडी जुन्या काळ्या रबराची, जन्मभर चावून तिच्यावर अप्पांच्या दातांचे खड्डे पडलेले, आणि नेमकी त्या खड्ड्यांतूनच ती फाटली. अप्पांच्या बोलण्यात शिट्टी वाजायला लागली. मग शब्द गळायला लागले. आठवड्याभरानं "दूध" तेवढं ऐकू यायचं, पुढे नुसता वारा.

"अहो, मोठ्यानं बोला की!" सासूबाई ओरडायच्या. बशीवरून फुस्स असा आवाज यायचा. त्या उठून आत जायच्या आणि उगाच डबे पुसत बसायच्या. एकदा मी मागे गेले तर डब्यावर पाणी पडत होतं. "हेमा," त्या म्हणाल्या, "मी आता भांडायचं कुणाशी गं? तू तर ऐकून घेतेस."

माझ्या नवऱ्यानं, श्रीरंगनं, कोपनहेगनला फोन लावला. पाइप घडवणारा कधीच वारला होता आणि त्याचा नातू सायकली विकत होता. तो म्हणाला, आमच्याकडे दांडी फुटली की पाइपाला बागेत पुरतात आणि वर ट्युलिप लावतात. सासूबाई म्हणाल्या, "त्याला म्हणावं, एकदा जाळलंय आम्ही. परत परत नाही."

मग पुण्याहून उकिडवे आले. हे पाइप संग्राहक मंडळाचे चिटणीस. पांढरे हातमोजे घालून त्यांनी पाइप उचलला, खड्डे बघितले आणि चेहरा असा केला की मला वाटलं आता डॉक्टरांसारखी मान हलवतील.

"वहिनी, दांडी बदलता येईल," ते म्हणाले, "पण मंडळाच्या नियमानुसार दांडी बदललेला पाइप बिजवर धरला जातो. त्याची किंमत निम्म्यावर येते."

"बिजवर?" सासूबाई ताडकन उठल्या. "आमच्या ह्यांना बिजवर म्हणता?"

"मी नाही, नियम म्हणतो. दुसरं असं, की बदललेल्या दांडीतून कोण बोलेल याची मंडळ हमी देत नाही. आमच्या एका सभासदानं दांडी बदलली, तर त्याचे वडील नुसते खोकतात. दुसऱ्याचा पाइप कायमचा मुका झाला. माझं ऐकाल तर आहे तसा काचेत ठेवा. अस्सल राहील."

"अस्सल राहून करायचंय काय? लोणचं घालू?"

उकिडवे चहा घेऊन गेले. श्रीरंग म्हणाला, "आई, काचेत ठेवूया. निदान अप्पा आहेत तसे तरी राहतील." मला ते पटलं होतं. परका कुणीतरी बोलायला लागला तर ही बाई सहन कशी करील? पण सासूबाईंनी पाइप पदरात गुंडाळला आणि चपला घातल्या.

"मुका नवरा मला नको," त्या म्हणाल्या. "परका चालेल. बोलता पाहिजे."

आम्ही बशीरभाईंकडे गेलो. हे सतारी करतात. मिरजेत काहीही वाजेनासं झालं की माणूस सतारवाल्यांच्या गल्लीत जातो.

बशीरभाईंनी पाइप कानाला लावला. "आत हायत साहेब," ते म्हणाले. "आवाज लाकडातच असतोय, भोपळ्यात असतोय तसा. पण वैनी, सतारीच्या तारांखालची घोडी बदलली की सतार काही दिवस अनोळखी वाटती. मग म्हणू नका बशीरनं बिघडवली."

"कशाची करशील दांडी?"

"म्हशीच्या शिंगाची. दुसरं काही या लाकडाला शोभायचं नाही."

"कर. जन्मभर म्हशींच्या दुधाचा फॅट काढला त्यांनी. शिंगाला नाही म्हणायचे नाहीत."

दांडी सुरेख झाली. गुळगुळीत, काळीभोर, दाताचा एक ओरखडा नाही. दिवेलागणीला पाइप बशीवर ठेवला. सासूबाई समोर बसल्या. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली घातले. कपाटातले डॅनिशसुद्धा चूप होते.

पाइप खाकरला.

"नमस्कार," आवाज आला. अप्पांचाच, पण कोवळा, आणि शब्दन्‌शब्द स्वच्छ. "मी गजेंद्रगडकर. दूध योजनेत असतो. नुकताच डेन्मार्कहून आलोय. आपल्याकडे लग्नाची मुलगी आहे असं कळलं."

दांडी कोरी होती, तिच्यावर संसाराचा एकही दात उमटलेला नव्हता. म्हणजे हे असंच होणार होतं. आमच्याच लक्षात आलं नाही.

"आपण मुलीच्या आजी का?" पाइपानं अदबीनं विचारलं. "आवाजावरून वाटलं."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी पदर सारखा केला. मग त्या म्हणाल्या, "हो. आजी."

"मुलगी घरात आहे का?"

"नाही. मामाकडे गेलीय."

मी त्यांना कोपऱ्यात ओढलं. "आई, अहो सांगा की, मीच ती म्हणून!"

"गप्प बस," त्या कुजबुजल्या. डोळे भरून आले होते. "तेव्हा बघून हो म्हणाले होते. आता हा असला चिरका आवाज ऐकून नको म्हणाले तर? मी कुठं जाऊ?"

त्या परत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी उकिडव्यांचा फोन आला, नोंदीत बिजवर लिहू ना? "बिजवर कसला?" सासूबाई गरजल्या. "अविवाहित आहे. तसं लिहा." मंडळात तसा रकाना नसल्यामुळे ते प्रकरण कार्यकारिणीपुढे गेलं आहे.

आता रोज संध्याकाळी मुलीची चौकशी होते. मुलगी तोंडाळ आहे हे सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. चालेल, पाइप म्हणाला, घरात बोलणारं माणूस हवंच. मग मुलीचे केस किती लांब, गाते कशी, हसताना तोंडावर हात कसा धरते, सगळं सांगून झालं. इतकी वर्षं मी या घरात आहे, पण या बाईंनी स्वतःविषयी एक चांगला शब्द कधी काढला नव्हता. आता त्या सांगत बसतात आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकते.

"मग मुलगी कधी येणार?" उठायच्या वेळी पाइप न चुकता विचारतो.

"येईल," सासूबाई म्हणतात. "आता फार दिवस नाही लागायचे."

"सावकाश येऊ द्या," पाइप म्हणतो. "मी थांबतो."