वायपरचा स्विच आणि डावं वळण

“नऊला हात घालतो, सव्वानऊला हात धुतो!” असं जाहीर करून घड्याळजीने शर्टाच्या बाह्या अशा सरसावल्या, की समोर जुनी गाडी नसून आखाड्यातला पहिलवान उभा आहे असं वाटावं!

पंचवीस वर्षं घड्याळं दुरुस्त करताना डोळ्याला भिंग लावून तिळाएवढे स्क्रू उचलले, की माणसाला एक आजार जडतो. जे मोठं ते सोपंच असणार, असं त्याला वाटायला लागतं. गाडी म्हणजे काय? चार चाकं लावलेलं घड्याळ!

बदलायचा होता वायपरचा स्विच. स्टिअरिंगखाली बाजूला जी दांडी असते ना, ती. ती दांडी मोडली होती, कारण घड्याळजी रोज दुकानाची पिशवी तिलाच अडकवायचा. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. पण बोलायला कुणाला सवडच मिळत नव्हती, कारण तो स्वतःच बोलत होता. “हल्ली काय भंगार बनवतात लोक!”

आणि हे सगळं नेमकं आजच! अकरा वाजता त्याच्या बायकोची गाडी चालवायची परीक्षा होती. तिसरी. आधीच्या दोन्ही वेळा आठाच्या आकड्यात, ऐन वळणावर, इंजिन बंद पडलं होतं. मागच्या खेपेला कठड्यापलीकडून कुणीतरी खो खो हसलं होतं. हसणाऱ्याला धड सायकल येत नसणार, हे मी पैजेवर सांगतो. तर सोमवारपासून शाळेची व्हॅन चालवायचं काम तिला मिळणार होतं, पण हातात लायसन्स असेल तरच. नाहीतर दुसरी बाई तयार होती. आणि परीक्षेआधी गाडी तपासतात. दिवे, ब्रेक, हॉर्न, वायपर. यातलं एक जरी बंद असलं तरी आल्या पावली परत!

“अरे घड्याळ्या, मी येऊ का खाली?” वरच्या गॅलरीतून बसकाकांनी हाक दिली. चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. “पाच मिनिटांचं काम आहे!”

“नको काका! तुम्ही आयुष्यभर चालवलंत. उघडायचं काम आमचं!”

“उघडण्यात हुशार आहेसच! माझं भिंतीवरचं घड्याळ उघडून आठ महिने झाले. मिटायचं कधी?”

हे घड्याळजीला ऐकू गेलं नाही. त्याचे कान हवे तेव्हा बंद पडतात.

त्याने बॅटरीची वायर सोडवली. स्टिअरिंगखालच्या प्लॅस्टिकच्या कव्हरचे तीन स्क्रू काढले आणि शिस्तीत स्वयंपाकघरातल्या तीन वाट्यांत ठेवले. एका वाटीत एक स्क्रू! दुकानात तो असंच करतो, म्हणजे कुठला कुठून निघाला ते चुकत नाही. कव्हर निघालं. दोन्हीकडच्या खिट्ट्या दाबल्यावर मोडका स्विच सरकन बाहेर आला. नवा स्विच खटकन बसला. नऊ वाजून बारा मिनिटं! घड्याळजीने गॅलरीकडे असं पाहिलं, जसं राजाने जिंकलेल्या किल्ल्याकडे पाहावं.

मग तो कव्हर लावायला वळला. वाट्या दोनच!

“माझी वाटी कुणी नेली?”

“माझी वाटी म्हणे!” आई दारात उभी होती. “खोकल्याचं औषध घ्यायला नेली मी. आणि हा तुझा—”

“आई! हे नाजूक काम आहे! मध्ये बोलू नकोस!”

“अरे, पण हा—”

“मध्ये! बोलू! नकोस!”

आई मूठ मिटून उभी राहिली. मग आत गेली. चाळीस वर्षं या माणसाला ओळखणारी बाई, तिला कधी गप्प बसायचं ते कळतं.

घड्याळजी गाडीखाली लोळला. पायपुसणं उलटं केलं. सीटच्या फटीत बोट घातलं तर ते तिथे अडकलं, आणि बायकोने साबण लावून ते सोडवलं. साडेनऊ. पावणेदहा. दहा! शेवटी त्याने खिशातून पत्र्याची छोटी डबी काढली. सटरफटर स्क्रू असतात तिच्यात. त्यातला एक भोकात बरोबर बसला. जरा लांब होता. पण लांब म्हणजे उलट मजबूतच की!

बॅटरी जोडली, दांडी दाबली. वायपर खस्‌ खस्‌ करत काचेवर नाचायला लागले.

“बघ!” घड्याळजी ओरडला.

“बघितलं,” बायको म्हणाली. “सरका आता. दहा वाजून दहा झालेत.”

ती चालकाच्या जागी बसली. गाडी फाटकाबाहेर निघाली. तिने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

पोंऽऽऽऽ!

समोरच्या दुकानदाराच्या हातातली बरणीच पडली. तिने स्टिअरिंग सरळ केलं. शांत. पुन्हा डावीकडे. पोंऽऽऽऽ!

“अहो, हे काय आहे?”

“हे... हे बसेल आपोआप.”

“काय बसेल? माझं नशीब?”

पुन्हा उघडायला वेळ नव्हता. मग घड्याळजीने डोकं लढवलं. डावीकडे वळायचंच नाही! एका डाव्या वळणाऐवजी तीन उजवी वळणं घ्यायची, म्हणजे तोंड तिकडेच होतं. असं करत ते एकाच दवाखान्यावरून चार वेळा गेले. पाचव्यांदा तिथला रखवालदार सलाम करायला उठला.

“झालं तुमचं गणित?” बायको म्हणाली. “आता एवढंच सांगा, आठाच्या आकड्यातला डावा अर्धा मी उजवीकडून कसा काढू?”

घड्याळजी बोटाने हवेत आठाचा आकडा गिरवायला लागला.

मैदानावर परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी गाडी तपासली. दिवे? चालू. ब्रेक? चालू. वायपर? खस्‌ खस्‌. हॉर्न? तिने दाबला, वाजला. साहेबांच्या कागदावर चार खुणा झाल्या. हॉर्न वाजतो का, एवढंच कागद विचारत होता. थांबतो का, हे विचारायला त्यावर जागाच नव्हती! एरवी असल्या कागदांचा मला संताप येतो. त्या दिवशी मी त्याला मनोमन हात जोडले असते.

साहेब शेजारी बसले. नातेवाइकांनी कठड्यामागे थांबायचं होतं. तिथून आकडा दिसत नाही, फक्त ऐकू येतो.

पोंऽऽऽऽऽ! डावा अर्धा सुरू. रांगेतले सगळे माना वळवून ऐकायला लागले. “कोण हो ही बया?” एकजण म्हणाला. घड्याळजी कठड्यामागे इतका वाकला, की नुसती टोपी उरली.

मग शांत. म्हणजे उजवा अर्धा. शांत. अजून शांत. आणि घड्याळजीने कठड्याला कान लावला. दोन्ही वेळा इंजिन इथेच बंद पडलं होतं! हा उजवा अर्धा आहे, की गाडीच थांबली? ज्या आवाजाने सकाळपासून अब्रू घालवली, त्याच आवाजासाठी तो आता डोळे मिटून धावा करायला लागला. “वाज रे बाबा! एकदा वाज!”

पोंऽऽऽऽऽऽ!

“वाजला!” घड्याळजी उडी मारून ओरडला. “चालतेय! माझी बायको आहे ती!”

आकडा पुरा झाला. साहेब कानात बोटं घालूनच उतरले.

“बाई, हा हॉर्न बंद का करत नाही तुम्ही?”

“साहेब, तो माझ्या हातात नाही. स्टिअरिंग माझ्या हातात आहे, तेवढं मी बघते.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. “एवढ्या कल्लोळात तुमची गाडी रेषेबाहेर गेली नाही. कसं जमलं?”

“कोणी बडबडत असताना काम करायची घरी सवय आहे.”

साहेब हसले, आणि त्यांनी सही केली. “पास! पण हॉर्न दुरुस्त केल्याशिवाय गाडी पुन्हा रस्त्यावर दिसली, तर बघा.”

पुन्हा उजवी वळणं घेत ते घरी आले, तर फाटकापाशी बसकाका पेचकस घेऊन उभेच होते. तिथल्या तिथे त्यांनी स्टिअरिंगखाली हात घातला. दोन मिनिटं! लांब स्क्रूचं टोक हॉर्नच्या वायरीत घुसत होतं. डावीकडे वळलं की वायर ताणली जायची, आणि पोंऽऽ! काकांनी स्क्रू उन्हात धरला. उलटा केला. सुलटा केला.

“घड्याळ्या, हा माझ्या घड्याळाचा आहे.”

घड्याळजी टोपीच्या आतून घाम पुसायला लागला. तेवढ्यात आई बाहेर आली आणि तिने मूठ उघडली. तळहातावर गाडीचा छोटा स्क्रू.

“सकाळपासून हाच देत होते,” ती म्हणाली. “आता बोलू का मध्ये?”

तो आईच्या पायाशी वाकला. काकांना म्हणाला, “उपकार झाले, काका.” मग बायकोकडे वळला. “आणि तू... तू नसतीस तर...” पुढचं त्याला येईना. आभार मानायची सवय नव्हती, गंज चढला होता. पण डोळे भरून आले होते, आणि भिंग लावलेलं नसतानाही ते सगळ्यांना दिसलं.

“बरं, बरं,” काका खाकरले. “माझं घड्याळ कधी देतोस?”

“उद्या काका, नक्की! सकाळी नऊला हात घालतो—”

“आई, काका,” बायको गाडीत बसत म्हणाली, “तोवर आपण एक चक्कर मारून येऊ. यांना इथेच राहू द्या. सव्वानऊ वाजेपर्यंत.”

आणि गाडी डावीकडे वळली. चिडीचूप!