बुटक्या राजाच्या पुस्तकाचे निर्लेखन

पुस्तकाचा सर्वांत मोठा शत्रू वाळवी नसून वाचक होय. वाळवी पुस्तक एकदाच खाते आणि पुढच्या कपाटाकडे वळते. वाचक, आणि त्यातही लहानपणापासून तेच ते पुस्तक पुन्हापुन्हा नेणारा वाचक, ते वर्षानुवर्षे झिजवतो, आणि वर परत आणून देतो. वाळवीवर औषध बाजारात मिळते. वाचकावरचे औषध आमच्या ताडकळसच्या वाचनालयाने शोधले, त्याची ही हकिकत. मी या वाचनालयाचा चिटणीस असल्यामुळे हिच्यात अतिशयोक्ती नाही (चिटणिसाला कल्पनाशक्ती असती तर त्याला अध्यक्ष केले असते).

आमचे वाचनालय 'ड' वर्गातले. सरकारने वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले आहेत. 'ड'च्या खाली अक्षर ठेवलेले नाही, म्हणून आम्ही टिकून होतो. अशा काळात आश्रुबा अध्यक्ष झाले. त्यांची सारी हयात बाजार समितीत कापसाची प्रत ठरवण्यात गेली. बोंडाला चिमटीत धरून ते माल सांगत. वाचनालयातही त्यांनी तीच पद्धत आणली. पुस्तक उघडायची त्यांना गरजच पडत नसे. कपाटात हात घालायचा, कणा चाचपायचा, पानांवरून अंगठा फिरवायचा, की प्रत ठरली.

पहिल्याच पाहणीत त्यांना 'दुग्धव्यवसाय : दिशा आणि दशा' या ग्रंथाचे पाच खंड फार पसंत पडले. पाने इतकी करकरीत, की एकमेकांना सोडायला तयार नव्हती. त्यानंतर त्यांनी बालविभागाचे कपाट उघडले आणि एक वस्तू दोन बोटांत धरून बाहेर काढली. तिला मुखपृष्ठ नव्हते. त्या जागी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा पुठ्ठा चिकटवलेला होता. लेखकाचे नाव मुखपृष्ठाबरोबरच गेले होते. शेवटचे पानही नव्हते. मधल्या एका पानावर हळदीचा अंगठा उमटलेला होता.

"हे काय रे?" त्यांनी ग्रंथपाल पप्पूला विचारले.

"बुटक्या राजाची लांब मिशी. लय चालतं, साहेब."

"चालतं म्हणून असं झालं?"

"व्हय."

"आन ते दुग्धव्यवसाय?"

"ते चालत न्हाई. म्हणून तर नीट हाय."

पप्पूच्या या उत्तरात ग्रंथालयशास्त्राचा सारा अर्क होता, तो आश्रुबांनी तिथल्या तिथे ओळखला. परभणीहून तपासणीसाठी साहेब यायचे होते. वर्गवाढीचा प्रश्न होता.

"नेतं कोण हे इतकं?"

"पोरं नेतात. पण दरसाली न चुकता म्हणाल तर धम्मशीला मॅडम."

धम्मशीला मॅडम पूर्ण्याच्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात आणि गावातून स्कूटीवर जाऊन येऊन करतात. हे पुस्तक त्यांनी पहिल्यांदा चौथीत असताना नेले होते, असे पप्पूने सांगितले.

आश्रुबांच्या चेहऱ्यावर खरीखुरी कणव दाटली. "चौथीपासून? आन अजून समजंना?"

त्या आठवड्यात समितीची बैठक झाली. प्रश्न नाजूक होता. एवढी शिकलेली बाई, आणि एक पोरांचे पुस्तक इतक्या वर्षांत तिच्या डोक्यात शिरत नाही, हे गावात पसरले तर तिची बदनामी, शिवाय कॉलेजचीही. म्हणून बाईंचे नाव न घेता सर्वसाधारण ठराव झाला : एका वाचकाने एक पुस्तक एकदाच न्यावे आणि एकदाच वाचावे. एका वाचनात न समजल्यास समिती तोंडी समजावून सांगेल. आणि बुटक्या राजाचे पुस्तक तपासणीपूर्वी निर्लेखित करून रद्दीत काढावे. (निर्लेखन म्हणजे लिहिलेले नव्हतेच असे लिहिणे.)

आठवडी बाजाराच्या दिवशी धम्मशीला मॅडम आल्या. पप्पूने मान खाली घालून त्यांना ठराव वाचून दाखवला आणि दुग्धव्यवसायाचा पहिला खंड हातात दिला. रिकाम्या हाताने घरी जाता येत नव्हते, म्हणून त्यांनी तो घेतला.

घरी त्यांचे वडील दत्तराव वाट पाहत होते. दत्तराव म्हणजे आमच्या गावचे जुने पोस्टमन. अर्ध्या तालुक्याची पत्रे त्यांनी सायकलवर वाटली आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना वाचूनही दाखवली. आता डोळ्यांनी दिसेनासे झाले आहे. धम्मशीला लहान असताना ते तिला बुटक्या राजाचे पुस्तक वाचून दाखवत. आता दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत ती त्यांना वाचून दाखवते. गमतीची जागा यायच्या आधीच दत्तराव हसायला लागतात. कधीकधी दोन पाने आधी.

त्या दिवशी धम्मशीलाने खाटेशेजारी बसून खंड पहिला, प्रकरण पहिले, 'दुधाळ म्हशीची निवड' वाचले. दत्तराव लक्ष देऊन ऐकत होते.

"राजा कवा येतो?" त्यांनी विचारले.

"बाबा, ह्याच्यात राजा न्हाई."

"मग म्हशी कुणाच्या?"

दुसऱ्या दिवशी वैरणीचे प्रकरण झाले. दत्तरावांनी पुन्हा राजाची चौकशी केली. तिसऱ्या दिवशी चौकशी केली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, आणि "वाच, वाच, मी ऐकायलोय," म्हणाले. धम्मशीलाने खंड मिटला. वडील राजाबद्दल विचारत होते तोवर ती धीराने होती. त्यांनी विचारणे सोडले, तेव्हा तिला राहवले नाही.

तो खंड परत देऊन ती थेट समितीपुढे आली. असा प्रसंग आमच्या वाचनालयात पहिलाच होता (वाचक समितीपुढे येतो तो सहसा पंखा चालू करा म्हणायला). आश्रुबांनी खुर्ची दिली, पाणी मागवले आणि आजाऱ्याशी बोलावे तसे बोलले.

"बोला मॅडम. नेमकं कुठं अडतंय? संकोच करू नका. मिशीचं समजंना, का राजाचं?"

धम्मशीला हसली असती, पण ती हसण्याच्या मनःस्थितीत नव्हती.

"काका, मला सगळं समजतंय. पण दर बारीला येगळं समजतंय. चौथीत होते तवा मी राजाच्या बाजूनं होते. एवढुसा राजा, आन मिशी शेजारच्या राज्यापोत. लय भारी वाटायचं. लगीन झाल्यावर वाचलं तर राणीच्या बाजूनं झाले. बिचारी सारखी त्या मिशीला अडखळून पडायलीय, आन राजा म्हणतो, बघून चाल. अन् आता त्या म्हातारीच्या बाजूनं हाय. मिशीला तेल लावणारी. तिला दिसंना, तरी ती केस केस वळखती. लहानपणी मी ती पानं सोडून द्यायची."

मी इतिवृत्तात टिपले : 'सदर वाचक वारंवार बाजू बदलतात.'

हे वाक्य वाचून दाखवताच समितीचे सगळे सदस्य सावरून बसले. इतका वेळ विषय साहित्याचा असल्यामुळे कुणाला काही कळत नव्हते. पक्षांतराचा आहे म्हटल्यावर तो प्रत्येकाच्या अनुभवातला निघाला. एका सदस्यांनी तर, बाजू बदलण्यात गैर काय, पण वाचून बदलणारे आज पहिल्यांदा पाहिले, असा अभिप्राय दिला. चर्चा तापली. राजा बरोबर की राणी, यावर मत द्यायचे तर पुस्तक कुणीतरी वाचणे भाग होते. समितीच्या इतिहासात ही वेळ आलेली नव्हती. अखेर जबाबदारी म्हणून अध्यक्षांनीच ते टॉवेलात गुंडाळून तपासणीसाठी घरी नेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तपासणी तोंडावर आलेली, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी म्हाळसाबाई दारातच भेटल्या.

"सेक्रेटरी, ह्येंला काय झालंय? च्या निवून गेला. जेवायला बलावलं तर म्हणायलेत, थांब, मिशी दारात अडकलीय. कुणाची मिशी?"

मी आत गेलो. आश्रुबा खिडकीशी पुस्तक घेऊन बसले होते. मला बघून त्यांनी ते लपवले नाही, हे मला विशेष वाटले.

"सेक्रेटरी, ह्याच्यात सहा शिपाई हायत. मिशी उचलून धरायला. पैला राजाच्या बाजूला, त्याला राजा दिसतो, राजाचं बोलणं ऐकू येतं. पण शेवटचा सहावा? त्यो पार वेशीबाहेर. त्यानं राजा बघितलाच न्हाई. नुसतं मिशीचं टोक धरून उभा. पाऊस आला तरी उभा. त्याला वाटतं, राज्य आपल्यामुळंच चालायलंय."

"बरं मग?"

"मग काय? त्याच्यावर एकच ओळ लिव्हलीय. मी तिसऱ्यांदा वाचायलोय, दुसरी ओळ सापडंना." त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाजार समितीत किती अध्यक्ष आले आन गेले. मी कापूस धरून उभा होतो."

मी त्यांना ठरावाची आठवण करून दिली. चिटणिसाचे ते कामच असते. तिसऱ्यांदा वाचणे म्हणजे त्यांच्याच सहीच्या ठरावाचा भंग होता.

अध्यक्ष मोठ्या पेचात सापडले. ठराव मागे घ्यावा तर गावात नाक जाणार; पुस्तक ठेवावे तर वर्गवाढ जाणार; रद्दीत द्यावे तर, त्यांच्याच शब्दांत, शिपाई जाणार. बराच वेळ ते अंगठ्याने पाने चाचपत राहिले. मग एकदम म्हणाले, "नियम पुस्तकाला लागतो ना?"

"होय."

"आन जे पुस्तकच न्हाई, त्याला?"

मी नियमावली पाहिली. अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाविषयी तिच्यात काहीच तरतूद नव्हती. दुसऱ्या दिवशी तातडीची बैठक घेऊन 'बुटक्या राजाची लांब मिशी' हे पुस्तक एकमताने नष्ट करण्यात आले. बैठक संपताच अध्यक्ष ते टॉवेलात गुंडाळून दत्तरावांच्या घरी घेऊन गेले. मीही सोबत होतो.

"दत्तराव," आश्रुबा खाटेवर त्यांच्या उशाशी बसून म्हणाले, "हे पुस्तक नष्ट झालंय. जपून ठेवा."

दत्तरावांनी हात पुढे केला, लग्नपत्रिकेचा पुठ्ठा चाचपला आणि कुणी एक अक्षरही वाचायच्या आत हसायला सुरुवात केली. धम्मशीला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने डोळ्यांना पदर लावला आणि आम्हाला चहा विचारला.

तपासणी उत्तम झाली. साहेबांनी कपाटांवरून बोट फिरवले, दुग्धव्यवसायाचे पाचही खंड उघडून पाहिले (निदान तसा प्रयत्न केला), आणि 'ग्रंथांचे जतन अनुकरणीय' असा शेरा दिला. जाताजाता त्यांनी विचारले, "वाचक मात्र दिसत नाहीत."

"शिस्त लावलीय, साहेब," आश्रुबा म्हणाले.

आम्हाला 'क' वर्ग मिळाला. त्या संध्याकाळी पेढे वाटायला वाचनालयात कुणीच सापडले नाही; सगळे दत्तरावांच्या ओसरीत होते. धम्मशीला वाचत होती. दत्तराव दोन पाने पुढे हसत होते. आश्रुबा मधूनच "मॅडम, ते सहाव्या शिपायाचं आणखी एकदा," म्हणत आणि म्हाळसाबाई त्यांना गप्प करत, कारण त्या नुकत्याच राणीच्या बाजूला गेल्या होत्या. शेवटचे पान नसल्यामुळे शेवट दत्तराव तोंडी सांगतात. तो रोज वेगळा असतो. त्या दिवशी मिशी कापली गेली आणि राजा रडला. दुसऱ्या दिवशी राणीने तिचा झोका बांधला.

तेव्हापासून दर बैठकीत कुणी ना कुणी सदस्य आपल्या लहानपणीचे एखादे पुस्तक नष्ट करण्याची मागणी करतो आणि ती मंजूर होते. आजमितीस आमचा बालविभाग पूर्णपणे नष्ट झाला असून, त्यातले एकही पुस्तक मागितल्यावर मिळत नाही. ते कायम कुणाच्या तरी घरी वाचले जात असते. पप्पू बेजार आहे. वाचनालय 'ब' वर्गाच्या वाटेवर आहे.

हे वाचताना आपल्यालाही लहानपणीचे एखादे पुस्तक आठवले असेल. कोपरे दुमडलेले, आतल्या पानावर आपले नाव आणि इयत्ता लिहिलेले. पुन्हा एकदा वाचावे, असेही वाटले असेल. कपाट शोधण्याची तसदी घेऊ नये. ते आपणच मागे एका दिवाळीच्या साफसफाईत काढले. एक पुस्तक संपवायला आमच्या समितीला ठराव, सूचक, अनुमोदक आणि तातडीची बैठक लागली, तरी ते संपले नाहीच. आपण ते काम एकट्याने, रद्दीवाल्याच्या काट्याकडे लक्ष ठेवून, मधे एक फोन घेत उरकले. या कार्यक्षमतेबद्दल समितीने आपल्या अभिनंदनाचा ठराव एकमताने संमत केला आहे.