चुरी सरांचा ‘नॉर्मल’

आमच्या नरपडच्या चुरी सरांना ‘तब्येत नॉर्मल आहे’ असं कधी सांगू नये. ते खिशातून वही काढतात आणि विचारतात, “नॉर्मल म्हणजे नक्की काय? एका वाक्यात सांगा.”

सर डहाणूच्या शाळेत भूमिती शिकवायचे. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलेली. सर सांगतात, लॅटिनमध्ये ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा काटकोन तपासायचा गुण्या, आणि त्या गुण्यात बसेल ते नॉर्मल. “आणि लोक ताप उतरला की नॉर्मल म्हणतात! ताप काय काटकोनात असतो?” शेजारी राहत असल्यामुळे हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकते.

वहीत हा एकच शब्द आणि मुलुखामुलुखातले त्याचे अर्थ. सर स्वतः तलासरीच्या पलीकडे फारसे गेलेले नाहीत. परदेशातले अर्थ पुरवतो त्यांचा मुलगा हेमंत. तो मालवाहू जहाजावर आहे. बंदर लागलं की तिथल्या कुणाला तरी विचारतो आणि सरांना फोन करतो. पोलंडात नॉर्मल तिकीट म्हणजे पूर्ण तिकीट, सवलत नाही. फ्रान्समध्ये आभार मानले तर समोरचा ‘नॉर्मल’ म्हणतो, म्हणजे त्यात काय एवढं! जपानात बर्फावर न चालणारे साधे टायर नॉर्मल. फोनच्या दुसऱ्या दिवशी सर सकाळीच आमच्या फाटकाशी हजर. “सुनंदा, जपान आलं!”

इथले अर्थ ते स्वतः गोळा करतात. डहाणू स्टेशनजवळच्या हॉटेलात वेटरने विचारलं, “पाणी थंड की नॉर्मल?” सरांनी वही काढली. वेटरने मालकाला बोलावलं. मालकाने तपासणीवाले समजून भजी पाठवली. सरांनी भजी खाल्ली आणि लिहिलं, ‘डहाणू : नळाचं.’

उधव्याला जाणाऱ्या रिक्षात शेजारची आजी म्हणाली, “सुनेचं नॉर्मल झालं.”

“म्हणजे काय झालं?”

“पोरगी.”

सरांनी तेही लिहून घेतलं.

मला अर्धवट यादी बघवत नाही. तलासरीच्या ऑफिसातही मी तक्ता पुरा केल्याशिवाय उठत नाही. म्हणून सरांच्या पंच्याहत्तरीला ही यादी पुरी करून द्यायचं ठरवलं. दोन रविवार नेटवर बसले. एक्केचाळीस भाषा, अकारविल्हे, वर स्पायरल बाइंडिंग.

सरांनी एकेक पान उलटलं. शेवटपर्यंत गेले आणि परत पहिल्या पानावर आले.

“सगळ्या झाल्या?”

“सगळ्या, सर. आता हेमंतला कुणाच्या मागे लागायला नको.”

“छान केलंस,” सर म्हणाले. मग बराच वेळ मुखपृष्ठावरून हात फिरवत राहिले. “पण आता मी त्याला काय विचारू?”

ते सांगू लागले, “ही होती तेव्हा फोन हीच घ्यायची. शेवटी दोन मिनिटं माझ्या हातात द्यायची. मी म्हणायचो, ‘जेवलास?’ तो म्हणायचा, ‘हो. तुम्ही?’ मी म्हणायचो, ‘हो.’ की लगेच फोन हिच्याकडे परत. ही गेल्यावर त्याचा पहिला फोन आला. जेवलास, जेवलो, झालं. परत द्यायला कुणी नव्हतं. दोघंही नुसते फोन धरून बसलो. मग त्यानेच काहीतरी बोलायचं म्हणून पोलंडच्या तिकिटाचं सांगितलं.”

मी एक्केचाळीस भाषांची पानं चाळली. हेमंतचं जहाज दोन दिवसांनी तुर्कस्तानला लागणार होतं. तुर्की माझ्या यादीत चोख भरलेली होती.

“सर,” मी म्हटलं, “हे सगळं नेटवरचं आहे. तपासलेलं काहीच नाही. प्रत्येक अर्थ तिथल्या माणसाला विचारून खूण केल्याशिवाय ही यादी खरी धरता येणार नाही.”

सरांनी मान वर केली. “चूक निघाली तर?”

“तर कापायची. आणि का चुकली ते हेमंतकडून समजून घ्यायचं.”

सरांनी चष्मा पुसून चढवला, तुर्कीचं पान काढलं आणि पेन्सिलीने भलंमोठं प्रश्नचिन्ह टाकलं.

“एकाला विचारून भागणार नाही,” ते म्हणाले. “दोघांना विचारायला सांगतो. वेगवेगळ्या दिवशी.”