शेवट न बघणारे पांढरीपांडे

दर नाताळच्या संध्याकाळी पांढरीपांडे आमच्या घरी टीव्ही बघायला यायचे आणि कार्यक्रमाची शेवटची दहा मिनिटं उरली की उठून बाल्कनीत जायचे. डिसेंबरातल्या थंडीत, कानाला मफलर गुंडाळून, आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे. कार्यक्रम संपला की आत येऊन व्हीसीआरमधली आपली कॅसेट काढायचे आणि आम्हाला बजावायचे, "शेवट सांगू नका जी."

अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये ते आमच्या समोरच्याच बिल्डिंगीत राहायचे. ऑफिसही एकच. मी प्रोग्रॅम लिहायचा आणि त्यांनी त्यातल्या चुका काढायच्या, असा आमचा संबंध. पण टेस्टिंग हा त्यांचा नुसता पेशा नव्हता, तो त्यांचा स्वभाव होता. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, आले की आधी प्रत्येक पदार्थ कोणी केलाय ते विचारायचे आणि करणारीने स्वतः तो वाढून घेतल्यावरच पानात घ्यायचे. स्वतःच्या घरी त्यांनी केबल घेतली नव्हती, कारण त्या वायरमधून चित्र आत येतं तसं काही बाहेरही जात असेल, असा त्यांना दाट संशय होता. त्यांचं पालुपद ठरलेलं होतं: "आरोप नाही जी, फक्त शंका आहे."

या शंका ते एका जाड रजिस्टरात लिहायचे. पहिल्या रकान्यात शंका, दुसऱ्यात कारण आणि तिसऱ्यात निकाल. निकाल दोनच प्रकारचे: 'तपासली, खरी' किंवा 'तपासली, खोटी'.

तर हा नाताळचा कार्यक्रम. ब्रिटिश मालिका, वर्षातून एकदा तिचा खास भाग लागायचा. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं लंडन, गॅसचे दिवे, बर्फ, आणि एका घड्याळजी बाईचं दुकान. त्या दुकानातलं मोठं घड्याळ म्हणजे खरं तर अवकाशयान. ऐन सणाच्या दिवशी परग्रहावरचे पितळी राक्षस धुराड्यांतून उतरायचे आणि बाई लंडन वाचवायची. पांढरीपांडे मांडीवर वही घेऊन चुका टिपायचे. दिवा लावणारा माणूस आधीच लागलेला दिवा लावतोय. कोटावर पडलेला बर्फ शेकोटीजवळही वितळत नाही.

पंचेचाळिशीच्या माणसाने मुलांचा कार्यक्रम एवढ्या गांभीर्याने बघावा आणि शेवटालाच पळून जावं, हे माझ्या बायकोला, मेधाला, पटत नव्हतं. "या माणसाचं काहीतरी आहे बघ," ती म्हणायची. संशय मोठा लागट. हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं. कॅसेट तरी कुठे जायची? एक प्रत स्वतःकडे ठेवून ते ती इंडियाला निघालेल्या कोणाच्या तरी हाती नागपूरला पाठवायचे, एवढंच ऐकून होतो. पांढरीपांडे काकूंच्या आई अंथरुणाला खिळल्या, म्हणून काकू आणि मुलगी गार्गी चार वर्षांपूर्वी तिकडे परतल्या होत्या.

यंदा जानेवारीत मावसबहिणीच्या लग्नाला मीच नागपूरला निघालो. पांढरीपांडे पार्सल घेऊन आले. चारी बाजूंनी चिकटपट्टी आणि प्रत्येक जोडावर त्यांची आडवी सही.

"माझ्यावर विश्वास नाही का?" मी विचारलं.

"आरोप नाही जी," ते म्हणाले.

मग मीही ते पार्सल विमानतळापर्यंत दोनदा कानाशी धरून हलवून पाहिलं. कस्टममधून सुटेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

नागपूरला त्यांच्या घरी पोचलो तो शनिवार होता, दिवेलागणीची वेळ. काकू आतल्या खोलीत आईंचं बघत होत्या. बारा वर्षांच्या गार्गीने सह्या पाहून हसत पार्सल उघडलं, बाबांनी शेवटच्या दहा मिनिटांवर आणून ठेवलेली कॅसेट जुन्या व्हीसीआरमध्ये घातली आणि फोन जवळ ओढून ठेवला. साडेसहाला फोन वाजला, तिने स्पीकर लावला. मॉरिसव्हिलमध्ये सकाळचे आठ.

"तयार? एक, दोन, तीन, प्ले," पांढरीपांड्यांचा आवाज आला.

पडद्यावर नुसत्या तिरक्या रेघा सरकायला लागल्या. अमेरिकेत भरलेली कॅसेट आपल्याकडच्या जुन्या मशीनवर चालत नाही, हे इकडून तिकडे गेलेल्या कोणालाही एकदा ठेच लागल्यावर कळतं. मी बटणाकडे हात नेला, तर गार्गीने तो धरला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"दिसतंय ना?" फोनमधून विचारणा झाली.

"हो बाबा, मस्त."

मग पांढरीपांडे सांगायला लागले. "बाई घड्याळात शिरली बघ. आता चावी फिरवते. चुकीच्या दिशेने फिरवते, मी लिहून ठेवतो." गार्गी रेघांकडे बघत गालातल्या गालात हसत होती. मध्येच "बापरे" म्हणाली. "हां, आता बर्फ वर चालला, सगळा बर्फ आभाळात परत," तिचे बाबा म्हणाले. दहा मिनिटं असं चाललं. मला तर तो शेवट आमच्या टीव्हीवर पाहिला होता त्यापेक्षा जास्त आवडला.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "काका, बाबांना सांगू नका हं. पहिल्या वर्षापासून असंच आहे."

"अगं, चालेल असं मशीन मिळतं आता."

"मग मी टीव्हीच बघत बसेन. बाबा कशाला सांगतील? ते नुसता अभ्यास विचारतील."

मी कबूल झालो.

परत आल्यावर पांढरीपांड्यांनी चहाला बोलावलं आणि तपासणी सुरू केली. सील शाबूत होतं का? होतं. चित्र स्वच्छ दिसलं का?

"अगदी स्वच्छ," मी म्हणालो. खोटं बोलताना माझे कान लाल होतात, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यांनी माझ्या कानांकडे पाहिलं. पालुपद मात्र आलं नाही. नुसते "बरं" म्हणून चहा टाकायला आत गेले. हे मला फारच संशयास्पद वाटलं. टेबलावर रजिस्टर होतं. आपलं नाव त्यात किती वेळा आहे ते बघावं म्हणून मी पानं उलटली. माझं नाव सतरा वेळा होतं. पण थांबलो ते चार वर्षांपूर्वीच्या एका पानावर.

शंका: कॅसेट तिकडच्या मशीनवर चालत नसावी.

कारण: गार्गी 'बापरे' म्हणाली तेव्हा पडद्यावर अजून काहीच झालं नव्हतं.

निकालाच्या रकान्यात लाल शाईने लिहिलं होतं: तपासायची नाही.

ते चहा घेऊन आले तेव्हा मी रजिस्टर मिटून खिडकीबाहेर बघत होतो. त्यांनी रजिस्टर सरळ करून ठेवलं, कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "आजकाल दुकानांत कोऱ्या कॅसेट मिळेनाशा झाल्या जी. तुमच्याकडे पडून असल्या तर टाकू नका."

दुसऱ्या दिवशी घरातल्या होत्या तेवढ्या पाचही नेऊन दिल्या. दारातच उभं राहून त्यांनी एकेक उघडली, उजेडात धरली, आतली पट्टी सरळ आहे ना ते पाहिलं आणि मगच ठेवून घेतली.