भिंतीवरचा बरा माणूस

न्हाणीघर बंद होतं आणि गिझर गॅसचा. त्यातला विषारी वायू छातीत जाऊन बेशुद्ध पडलेला एक शिंपी रुग्णालयात आला, शुद्धीवर आला आणि रीतसर बरा झाला. या रुग्णालयात बऱ्या झालेल्या माणसाचा हसरा फोटो काढून दर्शनी भिंतीवर लावतात. शिंप्याचाही लावला.

काही आठवड्यांनी शिंपी शर्टाला तिसरी बाही जोडू लागला. मग कात्री कशाला असते तेही त्याला सुचेना. बायकोने त्याला हाताला धरून परत आणलं.

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, हा वायू भारी लबाड. माणूस धडधाकट घरी जातो आणि मेंदूचं दुखणं मागाहून डोकं वर काढतं. औषध आहे. हमखास गुण येईल असं नाही सांगत, पण उशीर नको."

औषधाला अधीक्षकांची मंजुरी लागे.

"औषध आजारी माणसाला मिळतं," अधीक्षक म्हणाले. "हे तर भिंतीवर आहेत."

"मग काढा ना तो फोटो, साहेब."

"बाई, आमचा एक बरा माणूस कमी होईल. जागा भरायला दुसरा लागेल. सध्या तसं कोणी बरं होत नाहीये."

अधीक्षक निर्दय मुळीच नव्हते. त्यांनी समिती नेमली. समितीने फोटो पाहिला, शिंपी पाहिला. फोटोतला हसत होता, समोरचा शून्यात बघत होता. अर्थात हा माणूस वेगळा, असं एकमताने ठरलं. आणि या वेगळ्या माणसाला गॅस लागल्याची नोंदच नसल्याने औषधाचा प्रश्न मिटला.

"नव्याने लागला तर लगेच आणा," अधीक्षक आपुलकीने म्हणाले.

"तोवर हे मला विसरतील हो," बायको रडवेली होऊन म्हणाली.

"त्यांनाच विचारू. काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही. उत्तम आहे," शिंपी म्हणाला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

फाटकात ओळखीचं माणूस भेटलं. "वा, तब्येत छान दिसतेय," म्हणालं आणि घाईत निघून गेलं. शिंप्याने वळून बायकोला अदबीने विचारलं, "आपण कोणाबरोबर आलात?"

अधीक्षकांना खुशाल शिव्या घाला. फक्त ते घाईतलं माणूस कोण होतं, तेवढं आरशात बघून घ्या.