वायफायवाले नाना

मार्चमधल्या भर दुपारी, अमळनेरला, कूलरसमोर बनियनवर बसून आमचे शेजारी नाना घर गरम कसं ठेवावं याचा विचार करत असतात.

घर त्यांचं नाही. त्यांची मुलगी भारती कॅनडात असते, तिच्या हीटरला ऊब कमी-जास्त करणारा थर्मोस्टॅट घ्यायचा होता. वायफायचा की ब्लूटूथचा, हे नानांनी दूधवाल्यालासुद्धा विचारलं. तो म्हणाला, "नाना, आठे अमळनेरमा घर थंड कराना उपाय सांगा ना!"

मी इंग्रजी शाळेतली, म्हणून माहिती वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. ब्लूटूथ घरातल्या घरात चालतं, सेल टिकतात. वायफाय जगात कुठूनही दिसतं, पण सेल खातं.

"खाऊ दे," नाना म्हणायचे. "खाणाऱ्याला नावं ठेवू नये."

भारतीने वायफायवाला वापरून बघायला आणला होता. तिच्या घरातल्या तापमानाचा आकडा नानांच्या मोबाइलवर दिसायचा. सकाळच्या चहाला, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, ते आमच्या ओट्यावर यायचे. आकडा चढला की ओरडायचे, "उनी!"

आम्ही बदलीने इथे आलेलो. मला वाटायचं, ऊन झालं म्हणताहेत. एकदा मी म्हटलंही, "एकवीस म्हणजे काही ऊन नाही, नाना."

"ऊन नही वं माय. उनी म्हणजे आली. पोरगी घर उनी, की हीटर वाढवते."

"मग फोनच करा ना."

"फोन केला की ती मीटिंगमा ऱ्हास. आकडा कधी मीटिंगमा नही ऱ्हास."

रविवारी भारतीचा व्हिडिओ कॉल आला. नानांनी मला कोपराने ढोसलं. मी पुढे सरकून म्हटलं, "वायफायच बरं पडेल."

"अगं, सेल आत्ताच उतरले," भारती म्हणाली. "सारखे कोण बदलणार? दमून येते गं मी. आणि नाना, तुम्हाला तिथून आकडा बघून करायचंय काय?"

कॅमेऱ्यात नानांचं नुसतं कपाळ दिसत होतं. मला वाटलं, आता सांगतील.

"काही नही," ते म्हणाले. "ब्लूटूथच घे. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय. काय गं?"

मी मान डोलावली.

कॉल संपल्यावर त्यांनी विचारलं,

"किती लांब जातं गं हे ब्लूटूथ?"

"दोन-तीन खोल्यांपर्यंत, नाना."

"तिच्या दोनच खोल्या," ते म्हणाले. "तिला पुरेल."